टिटवी माझ्याबद्दल खरं बोलते

१२ जानेवारी

आज खालच्या मजल्यावरच्या बाई सांत्वनाला आल्या. पडलेला चेहरा, हातात सफरचंदांची पिशवी. दार उघडलं सासूबाईंनी. म्हणजे ज्या गेल्याबद्दल बाई दुःख व्यक्त करायला आल्या होत्या, त्यांनीच! बाईंच्या हातून पिशवी सुटली आणि सफरचंदं जिन्यावरून गडगडत खाली गेली. दोन अजून सापडलेली नाहीत.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. परवा टिटवीने त्यांना लिफ्टमध्ये सांगितलं होतं की, आजी फुग्यात बसून – तो मोठा, खाली टोपली टांगलेला – ढगावर उतरली, तिथे तिचा पाय घसरला आणि ती पडली. बाईंनी फुगा आणि ढग सोडून दिले, फक्त पडणं घेतलं, आणि वय लक्षात घेऊन पुढचं आपल्या मनानेच जोडलं. सासूबाई आठ दिवसांसाठी लेकीकडे राहायला आल्या आहेत, चांगल्या ठणठणीत आहेत, हे बाईंना काय माहीत! सासूबाई पोट धरून हसल्या. वर नातीची पाठ थोपटली – पाडलंस, पण आधी ढग तरी दाखवलास म्हणून.

पाठ थोपटली! त्यांच्या जागी मी असतो तर कान धरला असता. पण मी कोण? मला या घरात येऊन दोन महिने झालेत. चाळिशी उलटेपर्यंत एकटा राहिलो आणि लग्न केलं ते थेट भरल्या घरात. बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. तिची दोन मुलं. थोरली तिसरीत – दिवसभर आवाज चालू म्हणून टिटवी. धाकटा पाच वर्षांचा, गोल, गंभीर – ढब्बू. त्यांचे वडील आजारपणात गेले तेव्हा ढब्बू रांगतही नव्हता. त्यांच्याबद्दल मुलं माझ्यासमोर काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

मी लिफ्टचा मेकॅनिक. आमच्या कामात खोटं बोललेलं चालत नाही. ब्रेक तपासला नाही आणि तपासला म्हणून सांगितलं, तर माणसं खाली येतात – आणि ती जिन्याने येत नाहीत. हे मी आज टिटवीला समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. मग ढब्बूकडे वळून म्हणाली, "आजी पण जिन्याने नव्हती आली."

पालथ्या घड्यावर पाणी!

१५ जानेवारी

बायकोबरोबर फळं घ्यायला गेलो होतो. (खालच्या बाईंना सफरचंदं भरून द्यायला हवीत ना!) फळवाल्याने बायकोकडे जरा आदराने पाहिलं आणि विचारलं, सर्कस सोडून किती वर्षं झाली? मी तोंड उघडणार तोच ही अगदी सहज म्हणाली, "झाली बरीच. दोरीवर चालवत नाही हो आता, गुडघे दुखतात."

मी थक्क! परत येताना रस्ताभर मी तिला बोललो. तू अशी साथ दिलीस तर मुलं सुधारणार कशी? ती म्हणाली, अहो, पोरीने एवढं उंच चढवलंय मला, भर रस्त्यात खाली कशी उतरू?

या घरात कोणाला काही बोलायची सोय नाही.

२० जानेवारी

न्हाणीघरात मगर आहे. आठवडाभर आहे. दार वाजवून, "मगरबाई, येऊ का?" असं विचारल्याशिवाय आत जायचं नाही – हा ढब्बूचा नियम. मी पहिले दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो दाराबाहेर बसून रडायला लागला, मगर मला खाणार म्हणून. तेव्हा आता मी, वय वर्षं त्रेचाळीस, रोज सकाळी टॉवेल गुंडाळून रिकाम्या न्हाणीघराची परवानगी मागतो.

काल नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. ढब्बूने त्याला दारातच अडवून कानात काहीतरी सांगितलं. प्लंबर हसला, पण आत जाताना त्याने पाना हातात घट्ट धरला होता. मी पाहिलं!

आज जोडीदाराला हे सगळं सांगितलं. (कंपनीने मला दिलेला जोडीदार – वर मी मशीनरूममध्ये, खाली तो शाफ्टमध्ये. तीन मुलांचा बाप.) तो म्हणाला, मगर स्वस्तात पडली, आमच्याकडे घोडा होता, त्याला जेवताना खुर्ची लागायची.

२७ जानेवारी

टिटवीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. बायकोला दुकानातून सुटता आलं नाही म्हणून मी गेलो. तिच्या वर्गशिक्षिका बाई तरुण आहेत, पण चेहऱ्यावरून वाटत नाही. तीस पोरांनी नाकी नऊ आणले असणार. त्यातली पंधरा तरी एकटी टिटवीच असेल.

बाईंनी एकेक तक्रार सांगितली. आई सर्कशीत होती. आजी चाच्यांच्या जहाजावर स्वयंपाक करते आणि फुग्यातून येते-जाते. भाऊ अंड्यातून निघाला, म्हणून तो गोल आहे. वर्गातल्या एका मुलाने घरी जाऊन आपल्या आईला विचारलं, मी का नाही अंड्यातून निघालो, आणि तो दोन दिवस जेवला नाही. मी खाली मान घालून ऐकत होतो.

शेवटी बाई हसून म्हणाल्या, "पण एक सांगते, तुमच्याबद्दल ती अगदी खरं बोलते हं. घरी एक काका राहतात, ते लिफ्ट दुरुस्त करतात, सहाला घरी येतात. बस, एवढंच."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर छाती फुगली. म्हटलं, माझी शिस्त कुठेतरी पोचतेय! घरी येऊन पायातले बूट काढायच्या आधी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. हसली आणि म्हणाली, अहो, ती खोटं फक्त आपल्या माणसांबद्दल बोलते. परक्यांसाठी कशाला एवढी मेहनत घेईल?

मग तिचे हात थांबले. "तसं नाही म्हणायचं मला," म्हणाली.

मी म्हटलं, कळलं. आणि बूट काढले.

२८ जानेवारी

घरी एक काका राहतात. सहाला घरी येतात.

काल तर साडेसहा झाले होते.

२ फेब्रुवारी

करून पाहिलं. तोंडघशी पडलो. पण लिहून ठेवतो.

चार दिवस मनाशी जुळवत होतो. आज रविवार. दोघं जमिनीवर लोळत होती. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि सहज आठवल्यासारखं म्हणालो की, एकदा मी लिफ्ट दुरुस्त करत असताना आत वाघ शिरला.

दोघं उठून बसली. मला वाटलं, जमलं!

टिटवीने विचारलं, कितव्या मजल्यावर? मी म्हटलं, सातव्या. सातव्यावर वाघ आला कसा? जिन्याने. मग लिफ्ट कशाला हवी त्याला? मी म्हटलं, दमला असेल. हे तिला पटलं. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात ढब्बूने विचारलं, शेपूट आत मावलं का?

मी म्हटलं, नाही, शेपूट बाहेरच राहिलं. "मग दार कसं बंद झालं?" टिटवी म्हणाली.

इथे मी अडकलो. कारण दार बंद होणारच नाही! दाराला सेन्सर असतो. मधे काही आलं की दार परत उघडतं. वीस वर्षं मी ते सेन्सर बसवतोय. शेपटावर दार बंद झालं असं माझ्या तोंडून निघेचना. शेवटी सांगून टाकलं – दार बंद झालं नाही. लिफ्ट जागची हललीच नाही. वाघ थोडा वेळ थांबला आणि जिन्याने खाली गेला.

 मग ढब्बूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "असू दे, काका," म्हणाला.

बायको आत तोंडावर पदर धरून हसत होती. हसू दे.

५ फेब्रुवारी

सासूबाई आज परत गेल्या. (आठ दिवसांच्या जागी जवळजवळ महिनाभर राहिल्या. तक्रार नाही, बाई गमतीदार आहे.) टिटवीने जाताना त्यांना जहाजावरच्या मंडळींसाठी निरोप दिला. सासूबाईंनी तो नीट ऐकून घेतला आणि दोन शंका विचारल्या.

मी पाया पडलो तेव्हा म्हणाल्या, धीर धरा. मला एकदम कसंतरी झालं. म्हणजे सगळ्यांना दिसतंय!

९ फेब्रुवारी

आज मात्र मैदान मारलं!

आमच्या बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून, वस्तीच्या पलीकडे, एक उंच इमारत दिसते. कचेऱ्या आहेत सगळ्या. माथ्यावर लाल दिवा. विमानांना इमारत कळावी म्हणून असतो तो. संध्याकाळ झाली की लागतो आणि उघडझाप करत राहतो. ढब्बू रोज खुर्ची ओढून खिडकीत चढतो, दिव्याची वाट बघतो, आणि तो लागला की हात हलवतो. हे मी आल्यापासून पाहतोय. मला वाटायचं, पोरांना दिवे आवडतात.

आज विचारलं, कोणाला हात करतोस? तो म्हणाला, तिथे दिवा लावतात ना, त्यांना.

आता त्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे! दर महिन्याला मी गच्चीवर जातो, मशीनरूम तिथेच आहे. तो दिवा मी हाताच्या अंतरावरून पाहिलाय. म्हणजे जगात ज्या गोष्टींबद्दल मी ठामपणे बोलू शकतो, त्यातली ही एक. मी त्याला जवळ घेतलं आणि व्यवस्थित समजावलं. तिथे कोणीही नसतं. दिव्याच्या खांबाला एक छोटी डबी असते, तिला काचेचा डोळा असतो. अंधार पडला की त्या डोळ्याला कळतं आणि दिवा आपोआप लागतो. आपल्या लिफ्टच्या दारासारखाच सेन्सर. चित्र काढून दाखवलं. टिटवीसुद्धा अभ्यास सोडून येऊन उभी राहिली. दोघांनी एक शब्द न बोलता सगळं ऐकलं.

वाघ जमला नाही तर नाही. खऱ्या गोष्टीतही ताकद असते म्हटलं.

१० फेब्रुवारी

घरात चिडीचूप. ढब्बू खिडकीकडे गेलाच नाही. खुर्ची जागेवर. दिवा लागला, उघडझाप करत राहिला. इकडे कोणी पाहिलं नाही.

जेवताना टिटवीला मीठ मागितलं. तिने ऐकलं नाही असं केलं. टिटवी आणि गप्प!

सकाळी न्हाणीघराचं दार वाजवायला लागलो तर ढब्बू म्हणाला, वाजवू नका, आत कोणी नाही.

११ फेब्रुवारी

बायकोने आज सांगितलं. मुलं खाली खेळायला गेली होती. तिने चहा केला, पण स्वतः घेतला नाही. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गंभीर आहे.

ढब्बू बोलायला लागला तेव्हा त्याने विचारलं, बाकीच्यांना बाबा असतात, माझे कुठे?  बायकोच्या आधी टिटवी बोलली. सहा वर्षांची होती तेव्हा ती! म्हणाली, बाबा त्या उंच इमारतीवर दिवा लावतात. विमानं आपटू नयेत म्हणून. फार जबाबदारीचं काम आहे, खाली उतरून चालत नाही. पण तिथून आपली खिडकी दिसते. हात केला की त्यांना कळतं.

दोन वर्षं तो पोरगा रोज हात करतोय.

आणि मी चित्र काढून दाखवलं. तिथे कोणीही नसतं म्हणून!

ही रागावली होती. "आरडाओरडा करणार नाही," म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं. सांगायला हवं होतं ते मीच. पण तुम्हाला एवढं सगळं खरं का बोलावं लागतं हो?" मग रडली.  मी तिचा गार चहा पिऊन टाकला. मूर्खासारखं.

मला लाज वाटते. लाज वाटते एवढंच लिहिता येतंय.

१३ फेब्रुवारी

बूट पुसत होतो. ढब्बू येऊन शेजारी बसला. दुसरा बूट त्याने उचलून मांडीवर घेतला.

"काका, आपोआप म्हणजे अजिबातच कोणी नाही?"

हो म्हणवेना. नाही म्हणवेना. टिटवी असती तर तिने एका क्षणात काहीतरी सांगितलं असतं – आत छोटा माणूस असतो, रात्रपाळी असते, काहीही. माझ्या डोक्यात फक्त डबी आणि काचेचा डोळा. मी बूट पुसत राहिलो.

 मग ढब्बू मांडीवरचा बूट खाली ठेवून गेला.

१४ फेब्रुवारी

शाळेतून फोन. वर्गशिक्षिका बाईंचा. टिटवीची तब्येत बरी आहे ना, असं विचारत होत्या. आठवडाभर ती फक्त खरं बोलतेय. बाईंनी "माझी आई" या विषयावर बोलायला सांगितलं तर उभी राहिली, आई चष्म्याच्या दुकानात काम करते म्हणाली आणि खाली बसली.

महिन्यापूर्वी ही बातमी आली असती तर मी खूश झालो असतो.

१७ फेब्रुवारी

उद्या त्या इमारतीचं महिन्याचं काम आहे. जोडीदाराला म्हटलं, दुपारचं ठेवू. तो म्हणाला, आपण तर नेहमी सकाळी जातो. मी म्हटलं, उद्या दुपारी.

१८ फेब्रुवारी

आधी लिफ्टचं काम पूर्ण केलं. दोर पाहिले, ब्रेक पाहिला, दारं पाहिली. आपलं काम अर्धं टाकून दुसरं करायची मला सवय नाही. मग इमारतीच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं, माथ्यावरचा दिवा एकदा तपासू का, सेन्सरची शंका आहे. तो म्हणाला, खुशाल, माझं तेवढंच काम वाचलं.

शंका वगैरे काही नव्हती. म्हणजे मी खोटं बोललो. बोललो ते बोललो!

गच्चीवर वारा असा की उभं राहवेना. लख्ख ऊन. वस्ती सगळी पायाखाली, आमची इमारत कुठली हे शोधायलाच वेळ गेला. शेवटी गच्चीवरच्या निळ्या टाकीवरून ओळखली. खिडकी काही दिसत नव्हती. इतक्या लांबून काय दिसणार! बायकोला फोन केला. ती आज मी सांगितलं म्हणून दुपारीच घरी आली होती, पण कशासाठी ते तिलाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, दोघांना खिडकीत घेऊन ये. आणि काही सांगू नको.

थोड्या वेळाने म्हणाली, आणलंय. ढब्बू यायला तयार नव्हता, उचलून आणलंय.

मी खांबाला धरून वर पोचलो आणि डबीच्या डोळ्यावर तळहात दाबला. काही नाही. या सेन्सरला जरा वेळ लागतो – ढग आला तरी दिवा लागू नये म्हणून. मला हे माहीत आहे, तरी मनात आकडे मोजत राहिलो. खालून जोडीदार ओरडत होता, काय करताय, उतरा! मी हात हलवला नाही.

मग दिवा लागला. भर उन्हात, लाल. उघड, झाप.

फोन कानाला होता.  तिकडून टिटवीचा आवाज – "दिवसा?" मग काहीतरी पडल्याचा आवाज. बहुतेक खुर्ची. मी हात काढला. जरा वेळाने दिवा विझला. पुन्हा ठेवला. पुन्हा लागला. फोनवर बायको फक्त एवढंच म्हणाली, "तो हात करतोय."

मीही हात केला. एका हाताने डबी धरलेली, फोन खांद्यात दाबलेला, दुसऱ्या हाताने – खांबाला कोपर अडकवून – हात केला. कोणाला दिसणार होता? कोणाला नाही. मला रडू आलं. वाऱ्यामुळेही असेल, पण मला रडू आलं.

खाली उतरलो तेव्हा जोडीदाराने एक शब्द विचारला नाही. पाण्याची बाटली दिली. तीन पोरांचा बाप आहे.

*तोच दिवस, जेवणानंतर*

हे राहिलंच. घरात शिरलो तर टिटवी दारातच. हाताची घडी. कोर्टात वकील उभा असतो तशी.

"काका, त्या दिव्याचा सेन्सर बिघडलाय का?"

मी म्हटलं, "अजिबात नाही. आजच तपासला. उत्तम आहे."

"मग दिवसा दिवा कसा लागला?"

ढब्बू मागे उभा होता. तोंडात बोट. या प्रश्नाचं उत्तर मी रस्ताभर घोळवत होतो, आणि काहीच तयार नव्हतं. आणि एकदम लक्षात आलं की खरं तेच सांगायचंय.

"दिवसा तो आपोआप लागत नाही," मी म्हटलं. "वर कोणीतरी असल्याशिवाय शक्यच नाही."

ढब्बूने बोट काढलं. "मी म्हटलं होतं," ताईला म्हणाला, आणि खेळायला निघून गेला. एवढंच! दहा दिवस घराचा जीव टांगणीला लावला आणि एवढंच.

टिटवी गेली नाही. ती माझा हात बघत होती. डबीवर कित्येक वर्षांची धूळ आणि काजळी, तळवा काळाकुट्ट, मधे डबीचा गोल ठसा. मी हात मागे घेतला. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि साबण घेऊन आली.

 नळ तिनेच सोडला.

२२ फेब्रुवारी

मगर परत आली आहे. सोबत पिल्लं. आता पिल्लांचीही वेगळी परवानगी घ्यावी लागते. कामावर उशीर झाला.

उशिराचं कारण विचारलं तेव्हा साहेबांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

२५ फेब्रुवारी

ढब्बू खिडकीत. मी शेजारी उभा राहिलो. त्याने हात केला. मग माझ्याकडे बघितलं – तुम्ही का नाही? मीही केला. वरचे जे कोणी असतील ते, ओळख असलेली बरी.

बायकोला विचारलं, ते कसे होते गं? पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली, सरळ होते, पण थापा फार मारायचे.

तरीच!

३ मार्च

संध्याकाळी घरी आलो तर आमच्या इमारतीचा वॉचमन खुर्ची सोडून उभा राहिला. आजवर कधी उठला नव्हता. माझ्या पायांकडे बघत, संकोचत म्हणाला, साहेब, राग मानू नका, एक विचारू? टिटवी सांगत होती – लिफ्ट माणसांसकट खाली येत होती, आणि आमच्या काकांनी मधे पाय घालून थांबवली. तेव्हापासून त्यांचा एक पाय लोखंडी आहे. ढब्बूही होता म्हणे बरोबर. तो म्हणाला, मी वाजवून पाहिलाय, टणटण वाजतो.

वॉचमनने विचारलं, "खरं आहे का हो?"

लिफ्ट अशी पायाने थांबत नाही. कोणी प्रयत्नही करू नये.

"खरं आहे," मी म्हटलं. "दुखत वगैरे नाही आता. महिन्यातून एकदा तेल द्यावं लागतं, बस."

लिफ्ट खालीच उभी होती. पण तो बघत होता, म्हणून जिन्याने वर गेलो. लंगडत.

डावा. लक्षात ठेवायला हवं.